शिशाच्या पलटणीचा ताळेबंद

आर्थिक वर्ष सरत आले की आपल्या दुकानांत आणि वखारींत मालाची मोजदाद सुरू होते. कापडाचे ताके उलगडले जातात, भांड्यांचे नग मोजले जातात, पोती पुन्हा काट्यावर चढतात. वहीतील शिल्लक आणि प्रत्यक्षातील शिल्लक जुळली म्हणजे मगच मुनीम लेखणी खाली ठेवतो. ही शिस्त पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे व तिचा आपणांस रास्त अभिमान आहे. तथापि दुकानाचे दार ओलांडून आपण घरात येतो, तेव्हा ती बहुधा उंबऱ्याबाहेरच राहते. काचेच्या कपाटात वर्षानुवर्षे साठत गेलेली नाणी, तिकिटे, जुनी घड्याळे वा खेळणी यांची यादी किती घरांत सापडेल? हौसेचा माल म्हणून तो हिशेबाबाहेर राहतो. आणि जो माल हिशेबाबाहेर राहिला त्याचे पुढे काय होते, हे व्यापाऱ्याच्या घरात सांगण्याची गरज नाही.

या महिन्याच्या लेखासाठी अशाच एका संग्रहाचे उदाहरण घेतले आहे : खेळण्यातले सैनिक. युरोपात या छंदाला मोठी परंपरा आहे. हे उदाहरण निवडण्यास एक व्यावहारिक कारणही आहे. हे सैनिक आकाराने लहान, संख्येने पुष्कळ, दिसण्यात एकमेकांसारखे आणि विक्रीस संचाने आलेले असतात. वरवर नगण्य वाटणाऱ्या फरकावर त्यांचे मोल ठरते. ज्याला यांची यादी नीट करता आली, त्याला घरातल्या कोणत्याही संग्रहाची यादी करता येईल.

प्रथम मालाची ओळख करून घेऊ. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे कथिलाचे चपटे सैनिक ओतले जाऊ लागले. हिल्पर्ट घराण्याचे नाव या धंद्याच्या आरंभाशी जोडलेले आहे. पुढे १८३९ मध्ये त्याच शहरात एर्न्स्ट हाइन्रिक्सन याने आपला कारखाना काढला, आणि त्याने पाडलेली सुमारे ३० मिलिमीटर उंचीची प्रथा इतर कारागिरांनीही उचलली. फ्रान्समध्ये भरीव शिशाचे, सर्व बाजूंनी घडवलेले सैनिक होत. ते देखणे असत, पण जड आणि महागही असत. या धंद्याचे रूप पालटले ते १८९३ मध्ये. लंडनच्या ब्रिटन घराण्यातील धाकटे विल्यम यांनी पोकळ ओतकामाची रीत काढली. वितळलेला धातू साच्यात ओतावयाचा, साच्याला लागलेला थर गोठताच आतला उरलेला द्रव बाहेर काढून घ्यावयाचा. हाती येते ती पातळ कवचाची पोकळ मूर्ती. धातू कमी लागला, वजन घटले, किंमत उतरली, आणि सामान्य घरातल्या मुलाच्या हातात पलटण आली. सैनिकाची उंची ५४ मिलिमीटर ठेवलेली होती. साधारणपणे एका लाल पेटीत आठ पायदळाचे किंवा पाच घोडेस्वार येत. विषारी शिशाविषयी नियम कडक झाल्यावर १९६६ मध्ये या कंपनीचे शिशाचे उत्पादन बंद पडले व प्लॅस्टिकचे राज्य सुरू झाले. म्हणजे आज जो शिशाचा जुना माल बाजारात फिरतो, तो मर्यादित आहे. त्यात नवी भर पडावयाची नाही, आणि फुटतुटीने तो कमीच होत जाणार आहे.

या पलटणीत आपल्याकडची माणसेही आहेत. ब्रिटन कंपनीच्या ६६ क्रमांकाच्या संचात मुंबईचे भालेवाले स्वार आहेत, ६८ क्रमांकाच्या संचात मुंबईचे देशी पायदळ आहे. एके काळी मुंबई इलाख्यात भरती झालेल्या पलटणींचे हे छोटे पुतळे लंडनमध्ये ओतले गेले, रंगवले गेले आणि इंग्लंडमधील मुलांच्या दिवाणखान्यांतून लढले.

आता मुख्य विषयाकडे वळू. संग्रह पन्नास नगांचा असतो तोवर स्मरणशक्ती पुरते. तो पाचशेच्या घरात गेला की तीन अडचणी उभ्या राहतात. पहिली अडचण दुबार खरेदीची : जो संच घरी आहे तोच पुन्हा विकत घेतला जातो. दुसरी अपुरेपणाची : आठांपैकी सात सैनिक आहेत की सहा, आणि नेमका कोणता नाही, हे आठवत नाही, त्यामुळे तो एकटा सैनिक समोर विक्रीस आला तरी हातचा जातो. तिसरी अडचण सर्वांत गंभीर, आणि तिचा परिणाम संग्राहकाला स्वतःला दिसतही नाही. ती वारसांची अडचण. तिच्याकडे शेवटी येऊ.

मोजणी केली म्हणजे उणीव कळते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. विन्स्टन चर्चिल यांनी १९३० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात आपल्या लहानपणच्या सैनिकांची संख्या जवळजवळ १५०० असल्याचे लिहिले आहे. सर्व एकाच आकाराचे, सर्व ब्रिटिश. ते नुसते पेटीत भरून ठेवलेले नव्हते. पायदळाची एक डिव्हिजन आणि घोडदळाची एक ब्रिगेड अशी त्यांची रीतसर रचना केलेली होती. त्या रचनेमुळेच एका पाहुण्या गृहस्थांच्या ध्यानात आले, की या सैन्याजवळ सामान वाहून नेण्याची साधने नाहीत. आणि ती उणीव भरून काढण्यास त्यांनी पैसेही दिले. ढिगात उणीव दिसत नाही. ती दिसण्यासाठी आधी मांडणी व्हावी लागते. यादी म्हणजे कागदावर केलेली मांडणीच होय.

यादीस आरंभ करण्यापूर्वी एक प्रश्न सोडवावा लागतो : मोजावयाचे काय, नग की संच? धान्याचा व्यापारी पोते मोजतो, किरकोळ दुकानदार किलो मोजतो. दोघांचेही बरोबर असते, कारण विक्रीचे एकक वेगवेगळे आहे. सैनिकांच्या बाबतीत दोन्ही एकके लागतात. अखंड संच मूळ पेटीसह विकला जातो तेव्हा त्याचे मोल सुट्या नगांच्या बेरजेहून पुष्कळ अधिक असते. पण मोडतो, हरवतो आणि बदलला जातो तो मात्र एकेक नग. म्हणून संचाला एक क्रमांक द्यावा आणि त्यातील प्रत्येक नगाला पोटक्रमांक. संच १४ असेल तर त्यातील सैनिक १४/१ ते १४/८. पाचवा सैनिक हरवला तर १४/५ समोर ‘नाही’ असे लिहावे. ती ओळ गाळू नये. हान्स अँडरसनच्या १८३८ सालच्या सुप्रसिद्ध कथेत एका कथलाच्या चमच्यापासून २५ शिपाई ओतले जातात आणि शेवटच्यापाशी धातू संपल्याने तो एका पायाचा राहतो. आपल्या यादीत तो ‘२५ नग, पैकी एक सदोष’ असा येऊन भागणार नाही. २५ व्या ओळीत त्याचा स्वतंत्र उल्लेख हवा. कारण संपूर्ण कथा त्याचीच आहे.

यानंतर रकाने ठरवावेत. रकान्यांची हौस करू नये. जे रकाने दर वेळी भरले जाणार नाहीत, ते आखूच नयेत. पुढील नोंदी मात्र आवश्यक आहेत : आपला क्रमांक, निर्माता, निर्मात्याचा संच क्रमांक, पेटीवरील नाव, धातू वा पदार्थ, उंची, नगसंख्या, स्थिती, खरेदीची तारीख, कोणाकडून, किंमत, आणि घरातील जागा. यांपैकी काही रकाने सरळ आहेत. काहींत खड्डे आहेत, तेवढ्यांचाच विचार करू.

पहिला खड्डा तारखेचा. ब्रिटन कंपनीच्या अनेक जुन्या नगांवर, सैनिकाच्या पायाखालच्या पट्टीवर किंवा घोड्याच्या पोटाखाली, कंपनीच्या नावासह एक तारीख आढळते. नवखा संग्राहक ती पाहून हरखतो आणि उत्पादनाचे वर्ष म्हणून वहीत उतरवतो. वस्तुतः ती त्या घडणीच्या हक्काची तारीख असते. एकदा कोरलेला साचा पुढे कित्येक वर्षे चालत असे, आणि त्यातून निघालेल्या प्रत्येक नगावर तीच जुनी तारीख उमटत असे. म्हणून यादीत दोन वेगळ्या जागा असाव्यात : ‘नगावरील तारीख’ आणि ‘अंदाजे उत्पादनकाळ’. पहिली जागा डोळ्यांनी पाहून भरावयाची, दुसरी अभ्यास करून. पाहिलेले आणि अनुमानिलेले एका रकान्यात मिसळले, की वही विश्वासार्ह राहत नाही.

दुसरा खड्डा नावाचा. ६६ क्रमांकाच्या संचाकडेच पाहा. हे स्वार आरंभी ‘पहिले बाँबे लान्सर्स’ या नावाने विकले गेले. १९०३ मध्ये हिंदुस्थानच्या सैन्याची पुनर्रचना होऊन त्या रेजिमेंटला ३१ वा क्रमांक मिळाला. पहिल्या महायुद्धानंतर ती दुसऱ्या रेजिमेंटमध्ये मिसळून अखेरीस ‘तेरावे ड्यूक ऑफ कॉनॉट्स ओन लान्सर्स’ झाली, आणि खेळण्याच्या पेटीवरही तेरावा क्रमांक आला. आता एकाने पेटीवरील नावाप्रमाणे यादी केली, तर एकच संच त्याच्या वहीत दोन ठिकाणी दिसेल. दुसऱ्याने सगळ्यांना आजचे नाव दिले, तर पेटीवरून काळ ओळखण्याचा धागा तुटेल. त्यावर उपाय असा : पेटीवर जसे छापले आहे तसेच नाव एका रकान्यात अक्षरशः उतरवावे आणि निर्मात्याचा संच क्रमांक दुसऱ्या रकान्यात लिहावा. जुळवणी क्रमांकावरून करावी, काळ नावावरून ओळखावा. भागीदार बदलले, पेढीच्या पाटीवरील नाव बदलले, तरी जुन्या बिलावरचे नाव आपण खोडीत नाही. तीच ही रीत आहे.

तिसरा खड्डा स्थितीच्या रकान्यातील विशेषणांचा. ‘उत्तम’, ‘बरा’, ‘साधारण’ हे शब्द आज लिहिणाऱ्याला समजतात, दहा वर्षांनी त्यालाही समजत नाहीत. विशेषणाऐवजी वस्तुस्थिती लिहावी : उजव्या हातातील भाल्याचे टोक नाही, घोड्याची शेपटी पुन्हा जोडलेली, रंग सुमारे चौथा हिस्सा उडालेला, पेटीचे झाकण एका कोपऱ्यात फाटलेले. सर्वांत महत्त्वाची नोंद पुन्हा दिलेल्या रंगाची. कारखान्यातील मूळ रंग आणि नंतर कोणीतरी हौसेने दिलेला रंग यांत मोलाचा मोठा फरक पडतो. नवा रंग दिलेला नग वाईट नव्हे, परंतु तो जुन्या रंगाचा म्हणून विकणे ही फसवणूक होय. आपण विकणार नसलो तरी आपल्यामागे कोणी विकेल, आणि त्याला ठाऊक नसेल. नोंद असेल तर त्याच्या हातून नकळतही खोटा व्यवहार होणार नाही.

या नियमांप्रमाणे एक नोंद कशी दिसेल, ते पाहू : ‘क्रमांक २३. ब्रिटन, संच ६८, मुंबईचे देशी पायदळ. पेटीवरील नाव जसेच्या तसे सोबतच्या छायाचित्रात. पोकळ शिसे, ५४ मिलिमीटर. मूळ ८, हाती ७, २३/६ नाही. २३/२ ची बंदूक मोडलेली, तुकडा जपून ठेवला आहे. सर्वांचा रंग मूळ. पेटी आहे, झाकण नाही. कपाट दोन, फळी तिसरी.’ एवढ्या पाच-सहा ओळींत परक्या माणसालाही माल ओळखता येतो. यादीची कसोटी हीच आहे : ती लिहिणाऱ्याच्या गैरहजेरीत बोलली पाहिजे.

क्रमांक वस्तूवर कसा घालावा? रंगावर काहीही लिहू नये आणि चिकटपट्टी कधीही लावू नये. काढताना ती रंग घेऊन येते. पेटीत दोऱ्याने बांधलेली कागदी चिठ्ठी किंवा सैनिकाखाली ठेवलेला लहान पुठ्ठा पुरेसा आहे. तळाशी जुन्या मालकाने पेन्सिलीने केलेली खूण वा मूळ कागदी चिठ्ठी असेल तर ती पुसू नये. ती त्या नगाची जुनी पावती आहे. छायाचित्र पुढून एक आणि मागून एक घ्यावे, आणि चित्रात क्रमांकाची चिठ्ठी दिसेल असे पाहावे.

जागेच्या रकान्याचे महत्त्व केवळ शोधण्यापुरते नाही. शिशाला एक रोग होतो. लाकडातून, विशेषतः ओकच्या लाकडातून, तसेच काही प्लायवुड, चिकटद्रव्ये आणि ताजे रंग यांतून आम्ल वाफा निघतात. बंद कपाटात त्या साचल्या आणि हवेत दमटपणा असला की शिशावर पांढरी भुकटी धरते, आणि धातू आतून खचत जातो. घराण्याची शोभा म्हणून करून घेतलेले लाकडी कपाटच अशा वेळी मालाचा शत्रू ठरते. मुंबई-कोकणाच्या पावसाळी हवेत तर अधिकच जपावे लागते. काच आणि पक्क्या रंगाचे धातूचे कपाट अधिक सुरक्षित; त्यात थोडी हवा खेळती असावी. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, यादी हातात घेऊन प्रत्येक नग उलटून पाहावा. पांढरी भुकटी दिसलेला नग लगेच वेगळा करावा, आणि तो कोणत्या फळीवर होता ते लिहावे. दोन वर्षांत एकाच फळीवर तीन नग आजारी पडले, तर दोष फळीत आहे, हे यादीच सांगेल. जुने शिसे हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. लहान मुलांच्या हाती ते देऊ नये. त्यांच्यासाठी प्लॅस्टिकची पलटण निराळी असावी.

किमतीच्या रकान्याबाबत व्यापारी माणसाने थोडे सावध असावे, कारण दुकानाची सवय येथे उलटी पडते. दुकानातील शिल्लक माल आपण खरेदीची किंमत व बाजारभाव यांपैकी जी कमी असेल तिने धरतो. हा सावधपणाचा नियम आहे. विम्यासाठी मात्र प्रश्न निराळा असतो : आज ही वस्तू जळाली वा चोरीस गेली, तर तिच्या जागी तशीच आणण्यास काय पडेल? म्हणून दिलेली किंमत एका रकान्यात, कधीही न बदलणारी. आणि आजचा अंदाज दुसऱ्यात, तारखेसह आणि कशावरून धरला त्याच्या उल्लेखासह. तारखेविना लिहिलेला अंदाज निरुपयोगी असतो.

विक्री वा भेट झाली तर नोंद खोडू नये. ‘जावक’ असे लिहून तारीख घालावी आणि तो क्रमांक पुन्हा दुसऱ्या कोणास देऊ नये. यादी कागदावर असो वा संगणकावर, तिची एक प्रत घराबाहेर असावी. कपाटाबरोबरच यादीही जळाली, तर तिने रक्षण कसले केले?

आता तिसऱ्या अडचणीकडे येऊ. संग्राहक निवर्ततो. घरात दुःख असते, कामे असतात, जागेची निकड असते. कपाटात आठशे सैनिक आहेत. ते काय आहेत हे ज्याला ठाऊक होते तो माणूस नाही. कोणीतरी सुचवतो, ‘सगळे मिळून काय द्याल?’ आणि घासाघीस करणारा दोन-चार नग उचलून पाहतो, मनातल्या मनात त्यांचे मोल जाणतो, आणि उरलेल्यांच्या नावाने एक ठोक आकडा सांगतो. हे दृश्य जगात सर्वत्र घडते. येथे नुकसान पैशाचे तर होतेच, पण त्याहून मोठे नुकसान ओळखीचे होते. पेटी एकीकडे जाते, सैनिक दुसरीकडे. तीस वर्षांत जुळवलेला संच एका दुपारी पुन्हा विस्कटतो. अमेरिकन प्रकाशक माल्कम फोर्ब्ज यांनी मोरोक्कोतील टँजियर येथे एक लाखाहून अधिक सैनिकांचे संग्रहालय उभारले होते. १९९० मध्ये ते वारले, आणि पुढे तो संग्रहही पांगला. एवढ्या धनिकाचा संग्रह टिकत नाही, तर आपल्या घरातला टिकेलच असे धरून चालू नये. संग्रह टिकवणे आपल्या हाती नसते. तो ज्याच्या हाती जाईल त्याला तो काय आहे हे सांगून ठेवणे मात्र पूर्णपणे आपल्या हाती असते.

म्हणून यादीच्या शेवटी एक पान वारसांसाठी राखावे. त्यावर साध्या शब्दांत लिहावे : कोणते संच एकत्रच द्यावेत, कोणते सुटे दिले तरी चालतील, कोणता नग विकू नये आणि का, मोल कोणाकडून करवून घ्यावे, आणि किमान दोघांना विचारल्याशिवाय व्यवहार करू नये. हे पान मुलांना एकदा वाचून दाखवावे. संग्रहात त्यांना रस नसेल, तरी वडिलांच्या हातच्या हिशेबात असतो.

यादीचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो बहुधा सर्वांत उशिरा ध्यानात येतो. आवक-जावकीची बेरीज वर्षाच्या शेवटी समोर आली की संग्रह किती वेगाने वाढतो आहे, हे दिसते. काय वाढते आहे तेही दिसते. कधी असे आढळते, की गेल्या वर्षी घेतलेल्या चाळीस नगांपैकी तीस पेटीतून बाहेरच आलेले नाहीत. आपल्या घरांत परिमाण हा शब्द नवा नाही. मर्यादा घालावयाची तर आधी मोजावे लागते. जे मोजलेच नाही त्याला मर्यादा कोठे घालणार? ‘मुंबई इलाख्याच्या पलटणी तेवढ्या’, किंवा ‘एक कपाट, त्याबाहेर नाही’, असा नियम यादीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवणाऱ्या संग्राहकाचा संग्रह लहान राहतो. पण त्यातील प्रत्येक सैनिकाचे नाव त्याला ठाऊक असते.

आरंभ मोठा करू नये. येत्या रविवारी कपाटाची एकच फळी उतरवावी, घरातल्या एखाद्या नातवाला वा नातीला लिहावयास बसवावे आणि आपण सांगत जावे. एका बैठकीत वीस नोंदी झाल्या तरी पुष्कळ. दुसरी फळी पुढच्या रविवारी.